नव्या लेखकाची स्वतःची वेबसाइट: डोमेनच्या नावापासून पुस्तकामागच्या क्यूआर कोडपर्यंत

नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा कुसुमाग्रज स्मारकात एखाद्या कार्यक्रमात तुम्ही कथा वाचता. ऐकणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना ती मनापासून आवडते. त्यातला एक जण परतीच्या सिटीलिंक बसमध्ये बसल्या बसल्या फोनवर तुमचं नाव टाकतो. काय सापडतं त्याला? तुमच्याच नावाचा एक इस्टेट एजंट, एक दंतवैद्य आणि तुमचं फेसबुक खातं, ज्यात सगळ्यात वर भाच्याच्या बारशाचे फोटो. पुस्तक कुठे मिळेल हे कळायच्या आत त्याचा थांबा येतो आणि विषय संपतो.

साइट बांधायची ती या एका माणसासाठी. लेखक हेच का, यांचं लेखन कसं आहे आणि पुस्तक कसं मिळेल, एवढी तीन उत्तरं त्याला मिनिटभरात मिळाली की तुमचं काम झालं. सरकत्या चित्रांच्या पट्ट्या, भेट देणाऱ्यांचा आकडा, उघडताक्षणी वाजणारी बासरी हे सगळं नंतर पाहू. बासरी तर कधीच नको.

लॅपटॉप उघडण्याआधी

बहुतेक जण सुरुवात करतात ती डिझाइन निवडण्यापासून. दोन रविवार रंग बघण्यात जातात आणि शेवटी ‘माझ्याविषयी’ या पानावर काय लिहायचं हेच सुचत नाही. उलट्या बाजूनं चला. एका फोल्डरमध्ये आधी मजकूर जमा करा: परिचय, एक पूर्ण उतारा, पुस्तकाचे तपशील, मुखपृष्ठाचं चित्र, तुमचा फोटो. हे तयार असेल तर साइट एका संध्याकाळी उभी राहते.

परिचय दोन लांबींचे लिहा. एक पन्नास-साठ शब्दांचा, तृतीयपुरुषी. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री निवेदकाचा ‘परिचय पाठवा ना’ असा मेसेज येतो, तेव्हा हाच पाठवायचा. दुसरा दोनशे शब्दांचा, थोडा मोकळा. दोन्हींत विशेषणं नकोत, माहिती हवी. ‘लहानपणापासून वाचनाची आवड असलेल्या, संवेदनशील मनाच्या कवयित्री’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या निम्म्या कवयित्रींना लागू पडतं. त्याऐवजी ‘सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळता सांभाळता लिहिलेल्या अकरा कथा, बहुतेकींत निफाडच्या द्राक्षबागा आणि छाटणीला येणारी माणसं’ असं लिहिलं, तर वाचणारा थांबतो. सहभागाचंही तसंच. ‘अनेक संमेलनांत सहभाग’ हे कुणीही लिहितं. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात तुम्ही कविता वाचली असेल, तर नेमकं तेच लिहा, वर्षासकट.

फोटोबद्दल एकच सांगतो. शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो वापरू नका. मागे फ्लेक्स, बाजूला अर्धा कापलेला प्रमुख पाहुणा, चेहऱ्यावर फ्लॅश. त्यात लेखक शोधावा लागतो. सकाळच्या उजेडात खिडकीशेजारी उभं राहून घरातल्या कुणाकडून फोनवर काढून घ्या, पार्श्वभूमी साधी ठेवा. मूळ मोठी फाइल जपून ठेवा, वर्तमानपत्राच्या पुरवणीला तीच लागते. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवलेला लहान होऊन पोचतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो.

मजकूर युनिकोडमध्ये आहे ना?

युनिकोड म्हणजे कुठल्याही फोनला आणि संगणकाला देवनागरी म्हणूनच वाचता येणारी अक्षरांची पद्धत. मराठी लेखकाची खरी गोची इथे होते आणि इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शकात ती सापडणार नाही. पुस्तकाची जुळणी डीटीपीवाल्यानं श्रीलिपीत किंवा तसल्याच जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली असते. छापील पानावर ते सुरेख दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फक्त त्यांना देवनागरीचं रूप दिलेलं असतं. तसा मजकूर साइटवर चिकटवला की खिचडी दिसते. सुदैवानं दिसली नाही तरी गूगलला तो मराठी म्हणून वाचता येत नाही.

तपासणी सोपी आहे. फाइलमधला एक परिच्छेद कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. मराठी दिसलं तर युनिकोड. अगम्य अक्षरं दिसली तर डीटीपीवाल्याकडे युनिकोडमध्ये रूपांतर करून मागा. बहुतेकांकडे कन्व्हर्टर असतो आणि इंटरनेटवरही फुकट मिळतात. मात्र रूपांतरानंतर एकदा ओळीवर बोट ठेवून वाचाच. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते, रफार भलत्याच जागी जातो, ‘वाऱ्यावर’ आणि ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा र मोडतो, अवतरणचिन्हांची कसली तरी खूण होते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या पद्धतीनं ‘अ’वर चंद्र चढवलेला मजकूर काही फोनवर तुटका दिसतो, म्हणून ते सगळे एकदम शोधून बदला.

हस्तलिखितच असेल तर गूगल डॉक्समध्ये मराठीतून बोलून टाइप करता येतं. विरामचिन्हं हातानं घालावी लागतात, पण वेळ निम्म्यानं वाचतो.

आता हक्कांचं. पुस्तक तुमचं असलं तरी प्रकाशकाशी केलेल्या करारात डिजिटल हक्कांबद्दल काय लिहिलंय ते पाहा. एक कथा किंवा पहिलं प्रकरण साइटवर टाकायला बहुतेक प्रकाशक हरकत घेत नाहीत, त्यातून त्यांचीही विक्री होते. परवानगी मात्र लेखी घ्या, ईमेलवर दोन ओळी पुरतात. मुखपृष्ठ ज्या चित्रकारानं केलं त्याला विचारा आणि चित्राखाली त्याचं नाव द्या. गूगलवरून उचललेला गोदाघाटाचा फोटो कुणाच्या तरी मालकीचा असतो. घाट तुमच्या गावातच आहे, स्वतः जाऊन काढा.

डोमेन: सातबारा कुणाच्या नावावर?

डोमेन म्हणजे साइटचा पत्ता. तो तुमच्या नावाचा असावा, पुस्तकाच्या नावाचा नको. दुसरं पुस्तक आलं की पहिल्याच्या नावाची साइट अडचण होते.

मराठी नावं रोमन लिपीत लिहिताना फाटे फुटतात. ‘दीक्षित’ कुणी एक्स घालून लिहितं, कुणी के-एस-एच घालून. पुस्तकाच्या ऑनलाइन नोंदीत जे स्पेलिंग आहे तेच डोमेनला घ्या आणि दुसरं फारच प्रचलित असेल तर तेही घेऊन पहिल्याकडे वळवा. ठरवलेलं नाव एखाद्या मित्राला फोनवर एकदाच सांगा. त्यानं न विचारता बरोबर टाइप केलं तर नाव चांगलं. मध्ये आडवी रेघ, आकडा, आद्याक्षरांची गर्दी नको.

डॉट कॉम मिळालं तर उत्तम, नाहीतर डॉट इनही तितकंच चांगलं. वर्षाचा खर्च साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर असतो. देवनागरीतला डॉट भारत २०१४ पासून मिळतो आणि मनाला फार आवडतो, पण प्रत्येक वाचकाच्या कीबोर्डवर मराठी चालू नसतं आणि सगळी ॲप्स तो पत्ता नीट ओळखत नाहीत. हौस म्हणून दुसरा पत्ता असू द्या. मुख्य पत्ता रोमनच ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर नोंदलेलं हवं. ‘सर, सगळं मी करून देतो’ म्हणणारा मुलगा प्रामाणिक असतो, पण नोंदणी स्वतःच्या खात्यातून करतो, पुढे नोकरीसाठी पुण्याला जातो, नंबर बदलतो. मग सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि घर आपलं अशी गत होते. त्याला पैसे द्या, काम द्या. खातं मात्र तुम्ही शेजारी बसून तुमच्या ओटीपीनं उघडा.

नूतनीकरणासाठी कार्डावरच्या आपोआप वजावटीवर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा वजावटीला आधी तुमची नोंदवलेली मंजुरी लागते, ती नसेल तर पैसे कापलेच जात नाहीत. एकदम तीन वर्षांचे भरून टाका आणि संपण्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहा.

कुठे बांधायची

याचं उत्तर तुम्ही पुढे किती लिहिणार यावर आहे. एकच पुस्तक आणि चार-पाच पानं एवढंच हवं असेल, तर गूगल साइट्स फुकट आहे, शिकायला तासभर लागतो आणि स्वतःचं डोमेन जोडता येतं. मनासारखे बदल करायला वाव कमी, पण त्या बसमधल्या वाचकाला फरक पडत नाही. महिन्याला एखादा लेख टाकणार असाल तर ब्लॉगर घ्या. तेही फुकट आहे, तिथेही स्वतःचं डोमेन चालतं आणि अपडेट, दुरुस्ती असलं काही बघावं लागत नाही.

वर्डप्रेसबद्दल गोंधळ होतो तो असा. डॉट कॉमवालं वर्डप्रेस ही साइट बांधून ठेवायची तयार सेवा आहे. तिथल्या फुकट खात्यावर जाहिराती दिसतात आणि स्वतःचं डोमेन जोडायला पैसे भरावे लागतात. डॉट ऑर्गवालं वर्डप्रेस हे फुकट सॉफ्टवेअर आहे, पण ते ठेवायला होस्टिंग, म्हणजे इंटरनेटवरची भाड्याची जागा, विकत घ्यावं लागतं आणि अपडेट करत राहावं लागतं. ते न केलेल्या साइटवर एक दिवस औषधांच्या जाहिराती उगवतात. घरात तांत्रिक बाजू बघणारं कुणी असेल तरच हा रस्ता धरा, माझं मत स्पष्ट आहे. होस्टिंग घेताना जाहिरातीतला पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, नूतनीकरणाचा बघा. तो कित्येकदा दुप्पट-तिप्पट असतो. ब्राउझरनं साइटला ‘असुरक्षित’ म्हणू नये यासाठीचं एसएसएल प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून फुकट मिळतं आणि बरीच होस्टिंग ते आपणहून बसवतात, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

पानं किती आणि त्यांत काय

चार पुरे: मुखपृष्ठ (पुस्तकाचं नव्हे, साइट उघडताच दिसणारं पहिलं पान), पुस्तक, वाचा, परिचय-संपर्क. मुखपृष्ठावर सगळ्यात वर तुमचं नाव देवनागरीत आणि रोमनमध्येही, कारण शोधणारे दोन्हींत शोधतात. खाली एका ओळीत तुम्ही काय लिहिता ते. मग पुस्तकाचं चित्र आणि दोन बटणं: ‘एक कथा वाचा’, ‘पुस्तक मागवा’. फोनवर बोट न सरकवता ही दोन्ही दिसायला हवीत.

‘वाचा’ या पानावर कंजूषपणा नको. अर्ध्यावर तोडलेला उतारा चिडवतो. कथासंग्रह असेल तर एक पूर्ण कथा द्या, कादंबरी असेल तर पहिलं प्रकरण, कवितासंग्रह असेल तर पाच कविता. प्रस्तावना देऊ नका. मोठ्या नावाच्या माणसानं लिहिलेली असली तरी वाचक तुम्हाला वाचायला आलाय. पीडीएफ नको, पानाचा स्कॅन नको, फुलांच्या चित्रावर छापलेली कविता तर नकोच. फोनवर अक्षर मोठं करता यावं आणि गूगलला ओळी सापडाव्यात म्हणून साधा मजकूरच हवा. कविता टाकताना ओळीअखेर शिफ्ट दाबून एंटर मारा, नुसता एंटर फक्त कडवं संपल्यावर. नाहीतर प्रत्येक ओळ सुटी पडते आणि कवितेचा श्वास मोडतो.

‘कार्यक्रम’ हे पान मी मुद्दाम वगळलं. ते सतत ताजं ठेवलं तरच शोभतं. तीन वर्षांपूर्वीच्या २७ फेब्रुवारीच्या काव्यवाचनाचं निमंत्रण वर झळकत असेल तर लेखकानं लिहिणं सोडलं असंच वाटतं. मे महिन्यात गोदाघाटावर भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेसारख्या ठिकाणी बोलणार असाल, तर साइटच्या मुखपृष्ठावर एक ओळ टाका आणि दुसऱ्या दिवशी काढा.

अभिप्राय दोन-तीनच ठेवा आणि तेही ज्यानं दिले त्याला विचारून, नावासह. कात्रणांचे फोटो फोनवर वाचता येत नाहीत.

देवनागरी नीट दिसण्यासाठी

गूगल फॉन्ट्सवर मराठीसाठी चांगले पर्याय फुकट आहेत. मुक्ता स्वच्छ आणि हलका आहे. पुस्तकी वळण हवं असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ खास आपल्यासाठीच केलेला आहे. एक मजकुराला, एक शीर्षकाला, दोनाहून जास्त फॉन्ट नकोत. साइटच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी अशी निवडायला विसरू नका. हिंदी राहिली तर ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत तो ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतो. सामान्य वाचकाला कारण कळत नाही, पण काहीतरी परकं वाटत राहतं.

ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या पावणेदोनपट ठेवा, आपल्याकडे वर मात्रा आणि खाली उकार असतात. मजकूर दोन्ही बाजूंनी ताणून सरळ करू नका. मराठी शब्द लांब आणि फोनचा पडदा अरुंद, त्यामुळे मध्ये खिंडारं पडतात.

पानाच्या लिंकचं नाव रोमनमध्येच द्या. देवनागरीत ठेवलं तर कॉपी करताना एकेका चिन्हाची नऊ-नऊ रोमन चिन्हं होतात. ‘आजीची विहीर’ एवढ्याशा शीर्षकाची लिंक नव्वदच्या वर जाते. वर्डप्रेसमध्ये तिथे २०० चिन्हांची मर्यादा आहे, त्यामुळे लांब मराठी शीर्षक मध्येच तुटतं.

पुस्तक हातात पोचवणं

पुस्तकाच्या पानावर पृष्ठसंख्या, किंमत, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, लिहा. स्वतः प्रकाशित करत असाल आणि क्रमांक घेतला नसेल, तर भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून विनामूल्य मिळतो.

बुकगंगा, ॲमेझॉन असं जिथे पुस्तक आहे तिथल्या थेट त्याच पानाच्या लिंका द्या, दुकानाच्या पहिल्या पानाच्या नव्हे. स्वतः पाठवणार असाल तर व्हॉट्सॲपची अशी लिंक करा की दाबताच ‘मला पुस्तकाची एक प्रत हवी आहे. माझा पत्ता:’ एवढा मेसेज तयारच उघडेल. त्यासाठी वेगळा नंबर घ्या आणि व्हॉट्सॲप बिझनेसवर चालवा. घरचा पत्ता साइटवर टाकू नका. बिलिंग, कार्ट वगैरे महिन्याला दहा प्रतींसाठी उभारण्यात अर्थ नाही. पैसे यूपीआयनं घ्या, सही हवी का ते विचारा (हवीच असते) आणि पाकीट पोस्टात टाका. टपाल खात्यानं १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली आहे. सुरू करताना जाहीर झालेले दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते ५ किलोपर्यंत १०० रुपये आणि वर कर असे होते, शिवाय पाकीट कुठवर पोचलं ते पाहता येतं. साइटवर किंमत लिहिताना टपालखर्च धरूनच लिहा. ‘अधिक टपालखर्च’ वाचलं की माणूस उद्यावर ढकलतो.

वाचकांचे ईमेल किंवा नंबर पुढच्या पुस्तकाची बातमी द्यायला जमवणार असाल तर कशासाठी घेतोय ते तिथेच लिहा आणि होकार घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये भर संमतीवरच आहे. पुस्तक मागवलं म्हणून कुणाला न विचारता ग्रुपमध्ये घालणं, हे कायदा नसतानाही वाईटच होतं.

जाहीर करण्याआधी आणि नंतर

साइट तुमच्या लॅपटॉपवर बघू नका. घरातला सगळ्यात जुना अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा आणि उघडा. शक्य असेल तर पेठ किंवा सुरगाण्याकडच्या एखाद्या नातेवाइकाला उघडायला सांगा. तिथल्या कमकुवत नेटवर्कवर पान चार-पाच सेकंदांत दिसलं तर काम झालं. अडलं तर दोष बहुधा फोटोंचा असतो. एकेक चित्र २०० केबीच्या आत आणा. मग साइट कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात फोन देऊन म्हणा, ‘यातलं पुस्तक मागवून दाखव.’ गप्प राहून बघा. जिथे त्याचं बोट अडेल तिथे तुमचं पुढचं काम.

गूगलच्या शोधात साइट यावी म्हणून ती ‘गूगल सर्च कन्सोल’ या सेवेवर फुकट नोंदवता येते. पानाच्या शीर्षकात नाव, लेखनप्रकार आणि गाव ठेवा: ‘अमुक तमुक, मराठी कथाकार, नाशिक’. त्या इस्टेट एजंटाहून तुम्हाला वेगळं काढण्याचं काम हे तीन शब्दच करतात. प्रकाशकाच्या साइटवर, मुलाखतीच्या व्हिडिओखाली, दिवाळी अंकाच्या ऑनलाइन पानावर, जिथे तुमचं नाव आहे तिथे लिंक द्यायला सांगा.

आपल्याकडे साइट पसरते ती व्हॉट्सॲपवर, म्हणून लिंक टाकल्यावर तिच्यासोबत दिसणारं चित्र तपासा. पुस्तकाचं मुखपृष्ठ उभं असतं, तिथे ते वरून-खालून कापलं जातं. १२०० बाय ६३० पिक्सेलचं आडवं चित्र वेगळं करून घ्या, त्यावर मुखपृष्ठ आणि तुमचं नाव. पाठवण्याआधी स्वतःला पाठवून बघा. एकदा चुकीचं चित्र साठलं की तेच काही काळ दिसत राहतं.

दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा मलपृष्ठावर क्यूआर कोड छापा. तो फुकट क्यूआर देणाऱ्या एखाद्या मधल्या सेवेवरून जाणारा नको. मुदत संपली की छापलेल्या हजार प्रतींवरचा कोड निकामी होतो. थेट स्वतःच्या डोमेनवरच्या एका पानाकडे जाणारा साधा कोड करा. त्या पानावर आज पहिल्या पुस्तकाची कथा ठेवा, पुढच्या वर्षी नव्या पुस्तकाचं प्रकरण. छापायला देण्याआधी मुद्रकाकडून प्रत्यक्ष कागदावरचा नमुना मागवा आणि तीन वेगवेगळ्या फोनवर वाचून बघा. चकचकीत लॅमिनेशनवर आणि गडद रंगावर कोड कित्येकदा वाचला जात नाही.